शू केल्यावरच येणारा उग्र वास
वाळलेल्या कापडी डायपरला वास नाही, पण बाळाने शू केली की नाकाला झोंबतो, असं होत असेल तर पॅड (डायपरमधला शोषणारा भाग) आतून स्वच्छ निघत नाहीयेत. उरलेल्या लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. त्यामुळे कृपया साबण कमी करू नका. बोअरचं जड पाणी असेल तर थोडा जास्तच लागतो. रात्रीचा डायपर सकाळी लगेच गार पाण्याच्या नळाखाली पिळून काढा, झाकणाच्या बादलीत भिजवून ठेवू नका. पॅड बाहेरच्या कव्हरमधून काढून ६० अंशांवर धुवा, कव्हर ४० वर. जास्त उष्णतेने त्याचा जलरोधक थर सुटतो. पिळताना पाणी बुळबुळीत लागलं तर पुन्हा खळबळा. सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसला की पॅड शोषतच नाही.