मदत हवी आहे: थीम पार्क, ३ दिवस, मुलाला राइड्स नकोत. काय करू?

पानवाटा
जरा लवकर सांगा, सोमवारपर्यंत तिकिटं काढायची आहेत. मेच्या शेवटी आम्ही ११ जण थीम पार्कला चाललोय. मुलगा स्वमग्न आहे, राइड्स म्हटलं की ठाम नकार. बाकीची मंडळी सकाळपासून रात्रीपर्यंत राइड्सच करणार. मी काय तीन दिवस त्याला घेऊन बाकावर बसू? राइड्स सोडून तिथे काय करता येतं, एवढंच सांगा. "मग नेऊच नका" हा सल्ला नको, तो सासूबाईंकडून मिळालाय.

चिवडा_स्पेशल
कुठलं पार्क?

कोकणकडा
इमॅजिका असेल तर ३ दिवस कशाला, एका दिवसात आटपतं. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, बघून काढा. मेअखेरीस खोपोलीला उकाडा मरणाचा. त्यापेक्षा पालीच्या बल्लाळेश्वराचं आणि महडच्या वरदविनायकाचं दर्शन घ्या, दोन अष्टविनायक होतील आणि मुलालाही शांत वाटेल.

रेवाची_आई
वय किती? बोलतो का? आणि "राइड्स नकोत" म्हणजे नेमकं काय नको? आवाज, अंधार, उंची, रांग, पोटात गोळा येणं, की अंगावर पाणी उडणं? माझ्या मुलीला पाळणा चालतो पण पाळण्याचा भोंगा चालत नाही. हे कळल्याशिवाय कुणी काहीही सांगितलं तरी अंधारात दगड.

पानवाटा
सॉरी, मला वाटलं लिहिलंय. ऑर्लँडो. डिस्ने. नणंद न्यू जर्सीला असते, तिने तिकडे घर भाड्याने घेतलंय सगळ्यांसाठी. विमानाची तिकिटं झाली, पार्कची राहिलीत. मुलगा १५ वर्षांचा, बोलतो पण मोजकं. उंची ५ फूट १०, त्यामुळे लोकांना तो मोठा बाप्या वाटतो आणि कान झाकून उभा राहिला की वळून वळून बघतात. राइड्स नकोत म्हणजे नकोत, कारण मला माहीत नाही.

सडेतोड
कारण मी सांगतो. भीती. माझा पुतण्या असाच होता (स्वमग्न नव्हे, भित्रा). एकदा धरून बसवला, उतरल्यावर म्हणाला अजून एकदा. तुम्ही लोक मुलांना फार जपता. तिकिटाला एवढे डॉलर मोजायचे आणि बाकावर बसायचं?

रेवाची_आई
सडेतोड, भित्र्या पुतण्याचा अनुभव इथे कामाचा नाही. धरून बसवलेल्या मुलाचा मेल्टडाउन (सहन न होऊन स्वतःवरचा ताबाच सुटणं) तुम्ही पाहिलेला नाही, एवढं नक्की. तो अर्ध्या तासात संपतो असं वाटतं, पण पुढचे सहा महिने त्या रस्त्याने गाडी नेता येत नाही.

ओवी_२२
आम्ही टँपाला राहतो, डिस्ने पाठ आहे. डीएएस काढा, म्हणजे डिसेबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस. २०२४ पासून नियम कडक झालेत, पण ऑटिझम (स्वमग्नता) असेल तर मुख्यतः त्यांच्यासाठीच ती आहे. जायच्या आधी व्हिडिओ कॉलवर बोलून घेतात, डॉक्टरांचं पत्र मागत नाहीत. रांगेत तुम्हाला काय अडचण येते ते नीट सांगता आलं पाहिजे. मग रांगेत उभं न राहता परत यायची वेळ मिळते. सोबत साधारण चौघं किंवा सख्खं कुटुंब. ११ जणांची वरात चालत नाही.

हडसनकाठ
ओवी, चुकताय. म्हणजे माहिती बरोबर आहे, पण या केसमध्ये उपयोग शून्य. ज्याच्या नावावर डीएएस असतं त्याने स्वतः राइडमध्ये बसावं लागतं. तो बसणारच नाही तर मिळालेली वेळ घेऊन काय करणार? यांना हवं ते रायडर स्विच. एक मोठं माणूस न बसणाऱ्याबरोबर बाहेर थांबतं, बाकीचे जाऊन येतात, मग बाहेर थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. राइडच्या दाराशी जो कर्मचारी असेल त्याला आधीच सांगायचं.

ओवी_२२
शून्य कसा? भेटीगाठींच्या रांगा असतात, मिकीबरोबर फोटो वगैरे, तिथेही चालतं.

हडसनकाठ
१५ वर्षांचा, ५ फूट १० चा मुलगा मिकीला मिठी मारायला जाणार आहे का, ते आधी विचारा.

रेवाची_आई
जाईलही. वयावरून ठरवू नका. पण मुळात पानवाटा, त्याला आवडतं काय, हे अजून तुम्ही सांगितलेलंच नाही. दहा प्रतिसाद झाले.

अण्णा_बार्शीवाले
हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीचा विचार करा. १९९६ ची. राइड्सपेक्षा बसमधून फिरणं जास्त. सेट, बागा, पक्षी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने दोनदा केली, कुणालाही चक्कर आली नाही.

पानवाटा
अण्णा, विमानाची तिकिटं झालीत हो!
रेवाची आई, आवडतं म्हणजे बस. पीएमपीची कुठल्या नंबरची बस कुठून कुठे जाते ते सगळं पाठ आहे. सुट्टीत बाबा त्याला स्वारगेटला नेऊन उभं करतो, दोन तास तो येणाऱ्या बसचे नंबर वहीत लिहितो. मेट्रो आल्यापासून मेट्रो. पण याचा डिस्नेशी काय संबंध?

हडसनकाठ
अहो बाई, हे पहिल्या ओळीत लिहायचं! डिस्ने वर्ल्डमध्ये मोनोरेल आहे, बोटी आहेत, बस आहेत आणि २०१९ पासून स्कायलायनर नावाचे हवेतले पाळणे. हे सगळं फुकट, पार्कचं तिकीट न काढता. मोनोरेलच्या तीन लाइन. एक एप्कॉटला जाते. दुसरी मॅजिक किंगडमला थेट (दोन्ही डिस्ने वर्ल्डमधलीच पार्कं). तिसरी हॉटेलं घेत फिरते, आणि त्यातल्या एका हॉटेलच्या पोटातून आरपार जाते. प्रत्येक गाडीवर वेगळ्या रंगाचा पट्टा आणि तेच तिचं नाव: रेड, कोरल, लाइम, टील, पीच. वही घेऊन या म्हणावं.

पानवाटा
थांबा. फुकट??

हडसनकाठ
हो. मोठ्या पार्किंगला गाडी लावायचे पैसे पडतात, ते टाळायचे तर कुणीतरी सोडून जा. तीनपैकी किमान एक दिवस त्याचं तिकीट काढूच नका. १० वर्षांपुढे मोठ्यांचा दर लागतो.

सडेतोड
म्हणजे अमेरिकेला जाऊन बस बघायची. स्वारगेट काय वाईट होतं.

अण्णा_बार्शीवाले
बस-गाड्यांत रमणारा मुलगा, वा! आमच्या बार्शी लाइट रेल्वेची सर कशालाच नाही. १८९७ ची, रुळांमधलं अंतर अडीच फूट. आषाढीला डब्यांच्या टपावर माणसं बसून पंढरपूरला जायची. माथेरानची गाडी त्याहून अरुंद, दोन फुटी, १९०७ ची. त्याला माथेरानला नेलंय का?

हडसनकाठ
अण्णा, मग हे ऐका. मॅजिक किंगडमभोवती फिरणारी आगगाडी तीन फुटी आहे, खरी वाफेची. चारही इंजिनं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातली, १९१६ ते १९२८ च्या दरम्यानची, आधी मेक्सिकोत युकातानला काम करायची. तिथून भंगारात जायच्या बेतात होती, ती आणून दुरुस्त केली. (पानवाटा, पार्कात कामं चालू असतात, गाडी धावतेय का ते त्या आठवड्यात बघून घ्या. शिट्टी मोठी आहे.)

अण्णा_बार्शीवाले
बाल्डविन! नाव ऐकूनच बरं वाटलं.

रेवाची_आई
पानवाटा, एक शेवटचं विचारते. बसमध्ये बसतो, मेट्रोत बसतो, म्हणजे हलण्याची भीती नाही. वेगाचीही नसावी. मग राइडमधलं काय नको? शेवटची कुठली केली होती?

पानवाटा
चार वर्षांपूर्वी, इकडच्याच एका पार्कात. साधीच होती, लहान मुलांची. छातीवर तो दांडा येतो ना, तो खटकन बसला आणि राइड सुरूच होईना. दहा-बारा मिनिटं सगळे अडकून. त्याने दांडा वर ढकलून ढकलून तळहात लाल केले होते. तेव्हापासून राइड म्हटलं की नाही. आता लिहिताना लक्षात येतंय, रिक्षात बसताना मध्ये तो लोखंडी बार असेल तर तो दुसरी रिक्षा मागतो.

रेवाची_आई
मिळालं उत्तर. त्याला राइड नको असं नाहीये. दांडा नकोय.

ओवी_२२
अरे मग कितीतरी आहे! दांडा नसलेल्या सांगते. मॅजिक किंगडममध्ये पीपलमूव्हर: उंचावरून रमतगमत जाणारी डब्यांची माळ, पट्टा नाही, दांडा नाही, दहाएक मिनिटं. फक्त मध्ये एका अंधाऱ्या रोलरकोस्टरच्या इमारतीतून जाते आणि तिथे किंचाळ्या ऐकू येतात, हेडफोन लावा. एप्कॉटला लिव्हिंग विथ द लँड, संथ बोट, काचघरातल्या भाज्यांमधून जाते. अॅनिमल किंगडममध्ये सफारीचा ट्रक, बाकं आहेत, दांडा नाही, पण खड्डे आपल्या पावसाळी रस्त्यांसारखे. आधी यूट्यूबवर सगळ्यांचे पूर्ण व्हिडिओ दाखवा, आवाजासकट. मग त्यालाच ठरवू दे.

हडसनकाठ
एप्कॉटला ११ देशांचे विभाग तळ्याभोवती आहेत. जर्मनीच्या बाजूला बागेत छोट्या आगगाड्यांचं अख्खं गाव आहे, तिथे रांगबिंग काही नाही, कठड्याला टेकून हवं तेवढं बघा. माझा अंदाज, तुमचा तासभर तिथेच जाणार. रात्रीच्या फटाक्यांच्या आधी मात्र निघा.

रेवाची_आई
आता मुख्य गोष्ट, जी कुणी सांगत नाही. संडास. आपोआप फ्लश होणारी भांडी आणि हात वाळवायची ती भोंगा मशिनं. खिशात चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या ठेवा. आत गेल्यावर सेन्सरच्या काळ्या डोळ्यावर एक चिकटवायची, उठेपर्यंत फ्लश होत नाही, बाहेर येताना काढून घ्यायची. आणि १५ वर्षांच्या मुलाला तुम्ही बायकांच्या बाजूला नेऊ शकत नाही, म्हणून नकाशात कंपॅनियन रेस्टरूम (सोबतच्या माणसालाही आत जाता येतं असे संडास) कुठे आहेत ते आधीच खूण करा. रेवाच्या तीन सहली या एका गोष्टीवरून बिघडल्या, चौथी या चिठ्ठ्यांनी वाचवली.

चिवडा_स्पेशल
खाण्याचं कुणी बोललंच नाही. डिस्नेत बाहेरचं खाणं नेता येतं, काचेची बाटली आणि दारू सोडून. ठेपले, चिवडा, गूळपोळ्या. गरम पाण्याचे उपमा-पोह्यांचे कप नेलेत तर कुठल्याही काउंटरवर गरम पाणी मागा.

निसर्गोपचार_घरोघरी
गहू आणि दूध बंद करून बघा. तीन महिन्यांत फरक. फोन करा.

रेवाची_आई
ताई की दादा, हा धागा सहलीचा आहे. आणि असा फरक पडतो याला पुरावा नाही. फोन नंबर देऊ नका, संपादकांना कळवते.

ओवी_२२
मेअखेर म्हणजे दुपारचे गडगडाटी पाऊस सुरू होतात. विजा आल्या की स्कायलायनर थांबतो. त्या पाळण्यांना एसी नाही आणि एकदा आत बसलात की मध्येच उतरता येत नाही. दारं बंद होतात. दांड्याचा इतिहास बघता ते आधी विचारात घ्या. सकाळीच करा, तेही त्याने मागितलं तर.

हडसनकाठ
या मुद्द्यावर ओवीशी सहमत. तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

कोकणकडा
११ जणांत राइड्स न करणारं आणखी कुणी नाही का? सगळा भार एकट्या आईवर कशाला?

पानवाटा
सासरे. ७४, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांचं मी बघणार असं ठरलंय.

कोकणकडा
की ते नातवाचं बघतील?

पानवाटा
(हे तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.) परत आलो. तिकीट दोनच दिवसांचं काढलं त्याचं. पहिल्या दिवशी सासरे व्हीलचेअरवर आणि तो मागे ढकलणारा, अशी जोडी मोनोरेलच्या फलाटावर. आजोबा रंग ओरडणार, हा वहीत वेळ लिहिणार. ९ फेऱ्या. मी समोरच्या हॉटेलात कॉफी घेत बसले होते, एकटी, दीड तास. एवढं शेवटचं कधी बसले आठवत नाही.

पीपलमूव्हरच्या डब्यात आधी हात घालून सीटच्या दोन्ही बाजू चाचपल्या, "दांडा नाही" असं तीनदा म्हणाला, मग बसला. अंधारात कान झाकले, पण उतरल्यावर पुन्हा रांगेच्या तोंडाशी जाऊन उभा. चार वेळा झाली. सफारीला मात्र ट्रक बघूनच नाही म्हणाला, मीही पुन्हा विचारलं नाही. जर्मनीतल्या गाड्यांपाशी एक तास दहा मिनिटं. चिठ्ठ्यांचं अख्खं पॅकेट संपलं, नणंदेनेही मागून घेतल्या तिच्या धाकट्यासाठी. एकदा बसथांब्यावर बिघडलं, बोर्डावर एक ठिकाण आणि आली दुसरीच बस. वीस मिनिटं जमिनीवर बसला होता, आजोबा बाजूला चाक लावून गप्प बसून राहिले. कोरल मोनोरेल दिसली नाही. रोज रात्री विचारतो, कोरल कुठे गेली.

अण्णा_बार्शीवाले
दुरुस्तीला गेली असेल म्हणावं. आमचीही जायची.

चिवडा_स्पेशल
भाड्याच्या घरात कुकर होता का? आम्हीही डिसेंबरात तेच घर बघतोय.

पानवाटा
नव्हता, नणंदेने आणलेला. शिट्टी जर्सीलाच विसरली. भात पातेल्यात केला चार दिवस. बरंच झालं, शिट्टीलाही तो कान झाकतो.