रहस्यकथा लिहितोय, जुने नॉयर सिनेमे कुठून सुरू करू?

राजवाडेवाला: मंडळी, मी रहस्यकथा लिहितो, म्हणजे प्रयत्न करतो, रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन आलो की बसतो आणि खुनी कोण याचा तिसऱ्या पानावर मलाच कंटाळा येतो. जुने नॉयर, म्हणजे ते काळोख्या सावल्यांचे गुन्हेगारी सिनेमे, बघ म्हणतात सगळे. आधी कुठला?

पोहेजलेबी: 'डबल इंडेम्निटी', १९४४, डोळे झाकून. बिली वाइल्डरचा, पटकथेत रहस्यकथाकार रेमंड चँडलर. हीरो सुरुवातीलाच डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपायच्या यंत्रावर, खुनाची कबुली देतो, तरी आपण जागचे हलत नाही. खुनी कोण ते सोडा हो, तो अडकतो कसा ते लिहा.

छावनीकर: भिया, 'द थर्ड मॅन' (१९४९) पण बघच. युद्धानंतरचं व्हिएन्ना, तिरका कॅमेरा, संगीत म्हणजे नुसती झिदर (एक तारांचं वाद्य), आणि ऑर्सन वेल्स तासभर दिसतच नाही पण सगळे बोलतात त्याच्याबद्दलच. व्हिलन उशिरा आणायचं मी तिथूनच उचललं.

काकू_इंदूर: आपलं काहीच नाही का रे? गुरुदत्तचा 'बाजी' १९५१ चा, राज खोसलांचा 'सीआयडी' १९५६ चा. सावल्या बघा त्यातल्या, गाणी नंतर.

राजवाडेवाला: ओके काकू. 'डबल इंडेम्निटी' विमा काढून नवऱ्याला मारायची गोष्ट आहे म्हणे, आणि बायको सकाळपासून माझी पॉलिसी शोधतेय 😅