मदत हवी आहे : ऊसतोड कुटुंबांची गणना नेमकी कुठे होते?

नमस्कार. २०११ च्या जनगणनेत प्रगणक (घरोघर जाऊन मोजणी करणारे) असलेल्यांनी कृपया सांगावं. पुढची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा आमच्या बीडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीसाठी कोल्हापूर-सांगलीकडे, साखर कारखान्याच्या तळावर कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) असतात. मोजणीच्या पूर्ण काळात घराबाहेर असलेल्यांची नोंद ती जिथे असतील तिथे, एवढा नियम माहीत आहे. पण तोडणाऱ्यांची टोळी तर उसाचे फड बदलत फिरते. मग या कोप्या कोणत्या प्रगणकाच्या वाट्याला येतात? मुकादमाकडून (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून) यादी मिळते का? की २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांसोबत मोजतात? गावी आजीजवळ ठेवलेली आणि फडावर नेलेली, दोन्हीकडची लेकरं मोजली गेलीच पाहिजेत. गावातून आत्ताच काय तयारी करता येईल?