कारखान्याच्या सर्व्हर रूममधली तीन यंत्रं: हंगामाआधी काय तपासू, पहारा कसा ठेवू?

ऊसपट्टा:
नमस्कार मंडळी. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही व्हीएमवेअर सोडून प्रॉक्समॉक्सवर आलो (दोन्ही एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी सॉफ्टवेअर). तीन सर्व्हर, प्रत्येकात चार एसएसडी डिस्क, त्यांवर सेफ (Ceph) स्टोरेज, म्हणजे माहितीच्या तीन प्रती तीन सर्व्हरांवर ठेवणारी प्रणाली. वजनकाटा, ऊसनोंद, ऊसबिलं, पगार धरून २२ व्हीएम (आभासी संगणक) चालतात. बाहेरच्या क्लाउडवर जाणं परवडत नाही, कारण इंटरनेटची लाइन रोज तुटते आणि काट्यावरची ट्रॅक्टरांची रांग लाइन येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

गेल्या जानेवारीत रात्री अडीचला एक सर्व्हर बंद पडला. त्याचा एक पॉवर सप्लाय आधीच गेला होता. मागचा पिवळा दिवा कधीपासून लागला होता कोण जाणे, रॅकच्या मागे कुणी जातच नाही. त्या रात्री दुसराही गेला. उरलेल्या दोन सर्व्हरनी भार उचलला, पण काट्याची पावती निघायला मिनिट-दीड मिनिट लागू लागलं. झॅबिक्स (सर्व्हरवर नजर ठेवून इशारे पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवलेलं होतं, पण तेही याच तीन सर्व्हरच्या क्लस्टरवर व्हीएम म्हणून, आणि नेमकं बंद पडलेल्या सर्व्हरवर. दुसरीकडे ते उठलं तेव्हा लाइन नव्हती, त्यामुळे मेल गेलाच नाही. मला कळलं ते काट्यावरच्या क्लार्कच्या फोनवरून. थंडीत तिष्ठणारे गाडीवान अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आता बंद हंगाम आहे, बॉयलर अग्निप्रदीपनाला दीड महिना उरलाय. एवढ्यात काय करून घेऊ? एएमसी (वार्षिक देखभाल करार) घ्यावं की सुटे भाग आणून ठेवावेत?

रॅकवाला:
दादा, उत्तर तुमच्याच हकिगतीत आहे. ज्या घरावर पहारा ठेवायचा, त्याच घरात पहारेकरी झोपवू नका. एक जुना डेस्कटॉप घ्या, त्याला स्वतंत्र छोटा यूपीएस द्या आणि झॅबिक्स त्यावर न्या. सोबत सिमकार्डाचा जीएसएम मोडेम जोडा, म्हणजे लाइन असो-नसो, एसएमएस जाईल. रोज सकाळी आठला 'मी जागा आहे' असा एक संदेश त्याच्याकडून यायलाच हवा. तो आला नाही तर पहारेकरीच पडलाय असं समजायचं. इशाऱ्यांची जुळणी करताना बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

मग प्रत्येक सर्व्हरची बीएमसी, म्हणजे आत बसवलेली स्वतंत्र देखरेखीची चिप. कंपनीप्रमाणे तिला आयड्रॅक म्हणा, आयएलओ म्हणा. सर्व्हर बंद असला तरी ती जिवंत असते. पॉवर सप्लाय, पंखे, तापमान, ईसीसी मेमरीने आपणच दुरुस्त केलेल्या चुका, हे सगळं ती सांगते. तुमचा पिवळा दिवा तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता, फक्त विचारणारं कुणी नव्हतं. तिचं नेटवर्क वेगळं ठेवा आणि कंपनीने मुळात घालून दिलेला पासवर्ड आजच बदला.

दोन्ही पॉवर सप्लाय कुठे लावलेत तेही बघा. एकाच यूपीएसवर असतील तर दोन असण्याचा अर्धा फायदा गेला.

सेफबद्दल एक विचारतो. डिस्क किती टक्के भरल्यात?

ऊसपट्टा:
७१ टक्के. आणि हो, दोन्ही सप्लाय एकाच यूपीएसवर निघाले.

रॅकवाला:
७१ म्हणजे धोका आहे. तीन सर्व्हर आणि तीन प्रती असल्या की एका सर्व्हरमधली डिस्क गेल्यावर तिचा माल त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर जातो. ७१ चोक २८४, भागिले ३, म्हणजे जवळजवळ ९५. सेफ ८५ ला इशारा देतो, ९० ला डिस्कमध्ये नव्या प्रती भरणं थांबवतो आणि ९५ ला लिहिणंच बंद करतो. म्हणजे तुमची तिसरी प्रत पूर्ण होणारच नाही. ६० च्या खाली आणा. जुन्या व्हीएमचे स्नॅपशॉट (त्या-त्या वेळच्या जतन केलेल्या अवस्था) आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग तिथे असेल तर आधी ते हलवा.

आणि २२ व्हीएमची मेमरी दोन सर्व्हरांत मावते का ते मोजा. पावतीला मिनिट लागत होतं त्याचं कारण बहुधा तेच.

देखभालीसाठी सर्व्हर बंद करताना सेफला 'नोआउट' (बंद डिस्कचा माल दुसरीकडे भरू नको, असा आदेश) लावतात. काम झाल्यावर ते काढलं का हे दुसऱ्या माणसाने तपासायचं. लावून विसरलेलं नोआउट मी दोन ठिकाणी पाहिलंय. तशा अवस्थेत डिस्क मेली तरी सेफ हातावर हात ठेवून बसतो.

खारी_हवा:
मी कोकणात, समुद्राजवळच्या एका रासायनिक कारखान्यात सर्व्हर सांभाळते. तुमच्याकडे रस साफ करायला गंधक जाळतात ना? तो सल्फर डायऑक्साइड तांब्या-चांदीला खातो, आणि मळी-सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड त्याहून वाईट. आमच्याकडे मेमरीच्या चुका आधी वाढल्या, मग बोर्ड गेले. पट्ट्यांवर काळी बुरशी आल्यासारखं दिसत होतं.

तांब्या-चांदीच्या तपासपट्ट्या मिळतात. महिनाभर रॅकसमोर टांगून प्रयोगशाळेत पाठवायच्या. आयएसए ७१.०४ या मानकात सौम्य पातळीची हद्द तांब्याला महिन्याला ३०० अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) जाडीचा गंज आणि चांदीला २०० आहे. दीड महिना हातात आहे म्हणून आत्ता एक जोडी लावा, पण खरा आकडा गाळप सुरू झाल्यावरच कळेल, तेव्हा दुसरी. ताजी हवा म्हणून खिडकी उघडणं बंद. उसाचा भुसा बसतो म्हणून एसीची जाळी दर आठवड्याला साफ करा. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश पुरे.

डिस्कमित्र:
सुट्या भागांबद्दल. तुमची जागा आडबाजूला असेल तर दोन एसएसडी, एक पॉवर सप्लाय आणि दोन पंखे कपाटात हवेतच. एएमसी घ्या, पण 'चार तासांत प्रतिसाद' म्हणजे फोन उचलणं की भाग घेऊन माणूस दारात येणं, हे करारात लिहून घ्या.

स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते ते) आकडे रोज गोळा करा, पण त्यांच्यावरच विसंबू नका. क्लाउड स्टोरेज कंपनी बॅकब्लेझने २०१६ मध्ये आपल्या हार्ड डिस्कचा हिशोब मांडला, त्यात बिघडलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी पाच मुख्य आकड्यांत काहीच पूर्वसूचना दिली नव्हती. एसएसडीत झीज किती टक्के झाली ते बघा. फर्मवेअरही (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) सोडू नका. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने २०१९ मध्ये स्वतःच कळवलं होतं की त्यांच्या काही एसएएस जोडणीच्या एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात आणि आतला डेटाही जातो. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क एकाच दिवशी गेल्या तर तीन प्रतींचा काय उपयोग? म्हणून बदलताना वेगवेगळ्या खेपेच्या डिस्क घाला.

ऊसपट्टा:
ताई, गंधकाची भट्टी आमच्या खोलीपासून पन्नास-साठ पावलांवरच आहे. पट्ट्या मागवतोय. जुना डेस्कटॉप शेती विभागातून मिळाला, मोडेम उद्या येईल. सीसीटीव्ही हलवल्यावर डिस्क ५८ वर आल्या. दुसऱ्या यूपीएसचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवलाय. येत्या रविवारी दिवसाउजेडी, आधी बॅकअप घेऊन, एका सर्व्हरची वायर मुद्दाम काढून बघायची म्हणतोय. अजून काय तयारी हवी?

रॅकवाला:
तो बॅकअप आधी एका रिकाम्या व्हीएमवर उघडून बघा. ऊसबिलाचा डेटाबेस सुरू झाला आणि मागच्या पंधरवड्याची बेरीज जुळली, तरच वायरीला हात लावा.