मदत हवी आहे: अपिलाची तारीख जवळ आलीय, हॉस्पिटल ऑपरेशनचे कागद देत नाही

घणसोलीकरीण:

नमस्कार. ईएसआयचं (राज्य कामगार विमा योजनेचं) अपंगत्वाचं अपील, मेडिकल बोर्ड यातून कोणी गेलं असेल तर कृपया वाचा. थोडं लांबलंय.

माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते. मार्च २०२२ मध्ये उजवा हात डायखाली आला. तर्जनी मुळापासून गेली. मधलं बोट आणि अनामिका जागेवर आहेत, पण वळत नाहीत आणि त्यांना स्पर्शही कळत नाही. गरम चहाचा कप उचलला तर चटका अंगठ्यालाच बसतो, तेव्हा समजतं.

ऑपरेशन ईएसआयने पाठवलेल्या एका खासगी हॉस्पिटलात झालं, नाव लिहीत नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं होतं की तर्जनी वाचली नाही, बाकी दोन बोटांचे टेंडन (बोटं वळवणारे स्नायुबंध) शिवलेत, नसही फाटली होती. डिस्चार्ज कार्डावर मात्र एकच ओळ: ‘क्रश इंज्युरी राइट इंडेक्स फिंगर, अॅम्प्युटेशन डन’, म्हणजे तर्जनी चिरडली, कापून काढली. पुढे गोळ्या आणि एक दिवसाआड ड्रेसिंग. संपलं.

अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे आमच्याजवळ तेच कार्ड होतं. तर्जनीचे १४ टक्के मिळाले. बाकी बोटांचा कडकपणा व्यायाम न केल्याने आला, असा शेरा. कागदातच काही नाही म्हटल्यावर ते तरी काय धरणार? वाशीच्या महापालिका हॉस्पिटलात फिजिओथेरपी केली, तिथले केस पेपर घरीच आहेत, पण त्यातही ‘पोस्ट ऑप स्टिफनेस’ एवढंच.

आता ईआय कोर्टात (एम्प्लॉइज इन्शुरन्स कोर्ट, ईएसआयचे वाद तिथे चालतात) अपील आहे. वकील म्हणतात, ऑपरेशन नोट आणि नसांच्या तपासणीचा (एनसीव्ही) त्या वेळचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी उभा राहून काय बोलू? बरोबरच आहे. पण हॉस्पिटलात आधी म्हणाले, समरी (म्हणजे ते डिस्चार्ज कार्ड) दिलीय ना, तेच रेकॉर्ड. मग म्हणाले, एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी) केस आहे, कागद फक्त पोलिसांना. आणि शेवटी रेकॉर्ड रूमच्या माणसाने मिस्टरांचं पॅनकार्ड अर्जाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, सही जुळत नाही. कशी जुळणार हो? पेन ज्या बोटावर टेकायचं तेच बोट नाही. आता डाव्या हाताने सही करतात, पहिलीतल्या मुलासारखी येते.

विचारायचंय ते असं. अर्ज कसा लिहावा म्हणजे पुन्हा समरीची झेरॉक्स हातात देणार नाहीत? सहीचं काय करायचं? आणि तोवर तारीख आली तर?

---

फाईलवाली:

ताई, मी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम केलंय (तुमच्या नव्हे). ‘सगळे मेडिकल पेपर मिळावेत’ असा अर्ज आला की आमच्याकडे समरीची प्रत काढून फाईल बंद व्हायची. द्यायचं नाही म्हणून नव्हे. ‘सगळे’ म्हणजे काय हे कुणी ठरवायचं, हा प्रश्न असायचा. म्हणून कागदांची नावं लिहा: ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाचा चार्ट, संमतीपत्र, रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, एक्स-रे आणि त्यांचे रिपोर्ट, एनसीव्ही, ओपीडीतल्या फॉलोअपच्या नोंदी. इनडोअर (दाखल पेशंटचा) नंबर डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो, तो अर्जावर ठळक टाका. नंबर नसला की शोधणारा कंटाळतो.

संमतीपत्र मुद्दाम मागा. त्यावर ऑपरेशनच्या आधी ‘टेंडन रिपेअर’ लिहिलेलं असेल तर डिस्चार्ज कार्डात काही का असेना, निदान तो बेत होता हे तरी दिसतं.

सही: अर्जावर डाव्या हाताची सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा दोन्ही घ्या, खाली दोन साक्षीदार. ‘उजव्या हाताची तर्जनी अपघातात गेल्याने सही बदलली आहे’ हे वाक्य अर्जातच लिहा, बोर्डाच्या पत्राची झेरॉक्स जोडा. तुम्ही एकट्या जाणार असाल तर त्यांचं अधिकारपत्रही लागेल. ते स्वतः सोबत असले तर हात समोरच दिसेल, कुणी फार ताणत नाही.

---

काळाकोट:

कायद्याचं मी सांगतो. डॉक्टरांसाठीचे २००२ चे व्यवहारनियम आहेत. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. एमएलसी असेल तर देऊ नये असं त्यात कुठेही नाही. मूळ फाईल ते जपून ठेवतील, ठेवावीच. तुम्हाला साक्षांकित प्रत हवी आहे. २०२३ साली नवे नियम आले होते, ते लगेच स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच धरा. शिवाय १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या प्रकरणात सांगितलंय की गोपनीयतेचं कारण देऊन रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला कागदांच्या प्रती नाकारता येणार नाहीत. झेरॉक्सचे पैसे घेऊ शकतात.

घाई एका कारणासाठी करा. त्याच नियमांत इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं बंधन आहे. तुमचा अपघात मार्च २०२२ चा, म्हणजे मुदत मार्च २०२५ मध्ये भरते. एमएलसीच्या फाइली बहुतेक ठिकाणी जास्त काळ ठेवतात, पण त्या भरवशावर बसू नका. अर्ज आधी पोहोचलेला असेल तर उद्या ‘नष्ट केलं’ म्हणणं त्यांना जड जाईल.

तरीही नाही दिलं तर वकिलांना सांगा, १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७८ खाली ईआय कोर्टाला कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. हॉस्पिटलविरुद्ध तसा अर्ज द्यायचा. पण त्या अर्जाला तुमच्या आधीच्या अर्जाची पोच जोडलेली हवी. तोंडी फेऱ्यांचा पुरावा नसतो.

एक विचारतो. एकरकमी पैसे घेतले नाहीत ना? बोर्डाच्या निर्णयावरून एकरकमी रक्कम मागून ती उचलली असेल तर कलम ५४-अ मध्ये अपिलाची वाट बंद होते.

---

घणसोलीकरीण:

नाही, घेतलेले नाहीत. कंपनीतल्या एकाने सुचवलं होतं, सासऱ्यांनी नको म्हटलं. एवढा आटापिटा करून फरक किती पडेल, हे घरातले मला रोज विचारतात. कुणी आकडा सांगेल का?

---

काळाकोट:

कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात बोटांचे टक्के ठरलेले आहेत. पूर्ण तर्जनी १४, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०. आणि बोट जागेवर असलं तरी त्याचा उपयोग पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर ते गेलं असंच धरायचं, अशी टीप आहे. तुमचं सगळं भांडण त्या टिपेवर उभं आहे. समजा रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये होती. पूर्ण अपंगत्वाचा दर तिच्या ९० टक्के, म्हणजे ५४०. १४ टक्क्यांनी रोज ७५ रुपये ६० पैसे, ३० टक्क्यांनी १६२. आयुष्यभर, आणि कामावर परत गेले तरी बंद होत नाही.

पण ‘पूर्ण आणि कायमचा’ हे डॉक्टरच्या कागदातून दिसायला लागतं. ३० टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही. बोटं थोडी जरी वळत असतील तर मधला काहीतरी आकडा येईल.

---

कळव्याचा जुना कामगार:

वहिनी, माझ्या भावाच्या वेळी एक वाट सापडली होती, ती सांगतो. पेशंट ईएसआयने पाठवलेला, म्हणजे हॉस्पिटलने बिल ईएसआयकडून घेतलं असणार. बिलासोबत कागद जोडल्याशिवाय पैसे निघत नाहीत. आमच्या केसमध्ये ओटी नोट (ऑपरेशन नोट) त्या बिलाच्या फाइलीतच होती. खासगी हॉस्पिटलला थेट माहितीचा अधिकार लागू होत नाही, पण ईएसआय महामंडळाला होतो. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. अर्जात इनडोअर नंबर, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि ‘बिलासोबत सादर झालेली सर्व वैद्यकीय कागदपत्रे’ एवढंच लिहा. गाऱ्हाणं लिहू नका, नाहीतर उत्तर गाऱ्हाण्याचंच येतं.

हे हॉस्पिटलच्या अर्जासोबतच टाका. एक अडलं तर दुसरं येईल.

---

फाईलवाली:

बिलाचं दादांनी चांगलं सुचवलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. ताई, बिलात इम्प्लांट किंवा सूचर मटेरियलची यादी असते. टेंडन शिवायचा धागा वेगळा असतो. ऑपरेशन नोट त्रोटक निघाली तर ती यादी वकिलांना दाखवा.

---

घणसोलीकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. वकिलांशी बोलले. तारखेला ते कागद मागवण्याचा अर्ज देतील आणि मुदत मागतील, पोच जोडलेली असली तर कोर्ट सहसा देतं म्हणाले. हॉस्पिटलचा अर्ज दोन प्रतींत टाइप करून घेतलाय, कागदांची नावं ओळीने. एक प्रत आवकला देऊन दुसरीवर शिक्का घेणार, आणि शिवाय स्पीड पोस्टने वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे. मिस्टर सोबत येतायत. जायला तयार नव्हते, तिथला वास नको म्हणतात.

एक राहिलं. एक्स-रेची सीडी देतो म्हणाले तर चालेल का, की फिल्मच मागू?

---

फाईलवाली:

सीडी घ्या, पण तिथेच कॉम्प्युटरवर उघडून बघा. रिकाम्या सीड्या मी स्वतः परत आलेल्या पाहिल्यात. आणि ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो आहेत का, त्यावर नाव-तारीख आहे का, ते पाहूनच सही करा. कोर्टासाठी फिल्म लागली तर त्याच सीडीवरून बाहेर कुठल्याही एक्स-रे सेंटरमध्ये छापून मिळते.