जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह स्टेशन वॅगन : तुमचे अनुभव लिहा

ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षं जुनी, चारही चाकांना ताकद देणारी वॅगन उभी आहे त्यांच्यासाठी हा धागा. १९७२ मध्ये सुबारूची चारही चाकांवर चालणारी लिओने इस्टेट आली, १९८० मध्ये ऑडीची क्वाट्रो आली आणि १९९०च्या दशकात सुबारूची आउटबॅक नि व्होल्वोची व्ही७० एक्ससी निघाल्यावर घरगुती वॅगन कच्च्या रस्त्यावरही बिनधास्त जायला लागली. त्यांतल्या पुष्कळ गाड्या अजून चालतात. इंजिनाकडे सगळे बघतात, पण मधला नि मागचा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट यांची आठवण ते आवाज करायला लागल्यावरच होते. म्हणून तुमच्या गाडीत काय गेलं, कसं कळलं, काय केलं ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं टायरांबद्दल आहे. गाडी घेतली तेव्हा पुढचे दोन टायर कोरे होते, मागचे निम्मे झिजलेले. सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नव्हतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली, की गाडी अडखळायची, हँडब्रेक अर्धवट ओढलेला असावा तशी. हिशेब सोपा आहे. कोऱ्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर, झिजलेल्याची ४. चाकाची त्रिज्या साधारण ३२० मिलिमीटर धरली, तर झिजलेलं चाक दर किलोमीटरला सहा-एक फेरे जास्त घेतं. हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला सतत सोसावा लागतो. ते व्हिस्कस, म्हणजे घट्ट तेलावर चालणारं कपलिंग असेल तर आतलं सिलिकॉन तेल तापत राहतं आणि शेवटी कपलिंग आवळून बसतं. मी चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घातले आणि अडखळणं बरंच कमी झालं. पूर्ण गेलं नाही, कारण कपलिंगने आधीच मार खाल्ला होता. तेही पुढे बदलावं लागलं.

टायरांच्या झिजेत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक बऱ्याच कंपन्या चालवून घेत नाहीत. नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमध्ये बघा. आता मी पूर्ण मापाची स्टेपनी ठेवतो आणि तीही चाकांच्या अदलाबदलीत फिरवतो. म्हणजे एक टायर फाटला तरी त्याच झिजेचा दुसरा हाताशी असतो.

*

टायरांचं अगदी पटलं. मी तेलाबद्दल लिहिते. आमच्या वॅगनचं मागच्या डिफरन्शियलचं ऑइल कधी बदललं होतं याची नोंद कुठेच नव्हती, म्हणून घरीच करायचं ठरवलं. इथे एक क्रम कधीही मोडू नये : तेल भरायचं वरचं बूच आधी उघडायचं, तेल सांडायचं खालचं नंतर. वर्षानुवर्षं न उघडलेलं बूच गंजून घट्ट बसतं. तेल सांडून मोकळं झाल्यावर वरचं बूच निघालं नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही. आमचं वरचं बूच आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तेव्हा कुठे सकाळी निघालं.

तेल काळं होतं, उग्र वास. सांडायच्या बुचाला लोहचुंबक असतो, त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. बोटांत चोळून पाहिला, कण टोचले नाहीत. तो रोजच्या झिजेचा चुरा, त्याची काळजी नको. चकचकीत तुकडे किंवा दाताचा टवका दिसला तर डिफरन्शियल उघडण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या मॅन्युअलप्रमाणे ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल भरलं. पण म्हणून हेच तेल मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही ओतू नका. जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे जीएल-५ पितळेच्या सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतं.

*

गाडीतून घूं घूं आवाज येत असेल तर मेकॅनिककडे जाण्याआधी एवढं करा. मोकळ्या रस्त्यावर एका वेगात गाडी हलकेच डावी-उजवी वळवा. वळताना आवाज कमी-जास्त झाला तर बहुधा चाकाचं बेअरिंग. फरक पडला नाही तर प्रोपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगवर संशय घ्या. माझ्या गाडीत ते मधलंच निघालं. गॅरेजवाले मागची दोन्ही चाकं उघडायला निघाले होते.

*

माझी बॉक्सर इंजिनाची (सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेल्या) वॅगन आहे. तापमानाचा काटा चढावर वर जायचा आणि उतारावर खाली यायचा. कूलंट कुठे गळत नव्हतं, तरी कमी व्हायचं. गरम इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत बारीक बुडबुडे सतत दिसले तेव्हा हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची) शंका आली. मेकॅनिककाकांनी टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली, तो पिवळा झाला. कूलंटमध्ये जळका वायू मिसळत होता. दोन्ही बाजूंची गॅस्केटं बदलली, हेड सपाट करून घेतली आणि उघडलंच होतं म्हणून टायमिंग बेल्ट (पिस्टन नि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारा पट्टा), त्याचे पुली आणि वॉटर पंपही नवे टाकले. मजुरी एकदाच पडते. बेल्ट तुटला तर अशा बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, म्हणून बेल्टची मुदत मी कधी टळू देत नाही.

*

गाडी बंद पडली तर टो करणाऱ्याला आधी सांगा : चारही चाकं जमिनीवरून वर हवीत. पुढची उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेली तर मधल्या कपलिंगची वाट लागते. माझ्या वेळी आलेला माणूस ‘थोडंच अंतर आहे’ म्हणत होता. मी चारही चाकं वर घेणारा सपाट पाठीचा टो-ट्रक येईपर्यंत थांबले.

*

सगळं वाचून आनंद झाला, पण एक वेगळी बाजू मांडतो. यंत्रणेचा प्रत्येक भाग बदलता येतो, गंजलेला सांगाडा बदलता येत नाही. माझ्या वॅगनचं इंजिन ठणठणीत होतं, टायर नवे होते. मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन धरून ठेवणारी गाडीखालची चौकट) मात्र स्क्रूड्रायव्हर टोचला की खपली सुटत होती आणि सस्पेन्शनचे हात जिथे बसतात तिथेच गंज खोल गेला होता. वेल्डिंग करून दोन वर्षं काढा असं सुचवणारे भेटले. मी गाडी सुट्या भागांसाठी देऊन टाकली, कारण मागे मुलं बसायची. जुनी वॅगन घेताना बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाकून मागचा सबफ्रेम आणि चाकांच्या कमानी बघा.

*

सबफ्रेमबद्दल वर लिहिलंय ते खरंच आहे. त्यात डिकीची भर घालते. स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचलून हात फिरवा. तिथे पाणी साचलेलं असेल तर ते सनरूफच्या तुंबलेल्या नळीतून, मागच्या दिव्याच्या सुकलेल्या रबरातून किंवा मागच्या वायपरच्या पाण्याच्या सुटलेल्या नळीतून येतं. आणि मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, डिकीचं लॉक एकदम रुसले तर फ्यूज बदलत बसू नका. डिकीचं दार आणि छत यांच्यामध्ये रबरी नळीतून तारा जातात. दार उघडून-मिटून त्या तिथेच तुटतात. रबर मागे सरकवलं की तुटलेली तार डोळ्यांनी दिसते. मऊ सिलिकॉनच्या तारेचा जोड द्या, साधी तार त्याच वळणावर पुन्हा तुटते.