अपूर्णांक: आधी आकृतीचे समान भाग की आधी पाव-अर्धा-पाऊण?

शिक्षिका, लातूर जिल्हा:
तिसरी-चौथीच्या लेकरांना अपूर्णांक शिकवताना आधी आकृतीच घ्यावी आणि तिचे भाग लेकरांनी स्वतः पाडावेत, असं माझं ठाम मत आहे. छापील चित्रातली चारपैकी तीन घरं रंगवून ३/४ लिहिणं ही नुसती मोजणी झाली. फळ्यावर वर्तुळ काढून त्यात तीन उभ्या रेघा मारा, कडेचा एक भाग रंगवा आणि विचारा. बहुतेक लेकरं बेधडक १/४ लिहितात. कडेचा तुकडा मधल्यापेक्षा लहान आहे, इकडे लक्षच जात नाही. 'समान भाग' हे शब्द पाठ असतात, पण ते कधी हाताखालून गेलेले नसतात.

परवा चौकोनी कागद वाटले. एकीनं मधोमध सरळ घडी घातली, दुसरीनं कोपऱ्याला कोपरा जुळवून. दोघींचं भांडण जुंपलं, "माझा अर्धा मोठा!" मग त्रिकोण घेतला, उभ्या बाजूच्या मध्यावर आडवा कापला, वरचा छोटा तुकडा उलटा फिरवून शेजारी लावला. पहिलीच्या आयतावर तंतोतंत बसला. आकार वेगळा असला तरी भाग सारखाच, हे दोघींना तिथल्या तिथं पटलं.

शेतकरी, गेवराई:
बाई, कागद कापायच्या आधीच लेकरू दुकानातून पाव किलो साखर आणतं, अर्धा लिटर दूध मापून घेतं. तिथून सुरू करा ना. एकराचे ४० गुंठे, पाव एकर म्हणजे १० गुंठे, हे आमच्या घरात लहानांनाही माहीत असतं. आकृत्यांनी एक घोळ होतो. अपूर्णांक म्हणजे तुकडा, तो एकापेक्षा लहानच, असं डोक्यात बसतं. आमचं लेकरू पाचवीला आहे. ५/४ बघून म्हणालं, "चार भागांतून पाच कसे रंगवू?" तेच सव्वा किलो डाळ म्हटलं की त्याला काही अडत नाही.

निवृत्त गुरुजी, परभणी:
गेवराईकरांशी सहमत. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, तोंडपाठ असायचे. साडेसात किलोचा हिशोब कागदाविना व्हायचा. आता रंगकामात तास जातो आणि हिशोब बाजूलाच राहतो.

आई, नांदेड:
गुरुजी, पाठांतराला माझा विरोध नाही. पण पावकी-निमकीत तिसरा हिस्सा कुठं येतो? पाचवा कुठं येतो? माझ्या मुलीनं १/२ + १/३ = २/५ लिहिलं, वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. नियम सांगून ऐकेना. एकसारख्या लांबीच्या पट्ट्या कापल्या, एकीचे दोन भाग, एकीचे तीन, एकीचे पाच. तिनंच बघितलं की २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी भरतात. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर कमी कसं होईल? मग सहा भागांची पट्टी घेतली. ३/६ आणि २/६, झाले ५/६. हे तराजूवर मला नसतं दाखवता आलं. वर्तुळ मात्र मी टाळते. त्याचे तीन किंवा पाच समान भाग लेकराच्या हातानं नीट पडतच नाहीत.

शिक्षिका, लातूर जिल्हा:
५/४ चा मुद्दा मान्य आहे, एकाच आकृतीत लेकरू अडकतं. म्हणून दोन पट्ट्या लागोपाठ ठेवायच्या, दोन्हींचे चार-चार भाग करायचे आणि पाचव्यापर्यंत रंगवायचं. तीच पट्टी पुढं संख्यारेषा होते, सव्वा हा १ आणि २ यांच्या मध्ये दिसतो. पण दुकानातलं पाव किलो हे लेकरासाठी वजनाचं नाव असतं. किलोचे चार सारखे वाटे केले तर एक वाटा तेवढा, हे त्याला ठाऊक असतंच असं नाही. १/८ आणि १/४ मध्ये मोठा कोणता विचारा, आठ मोठे म्हणून १/८ सांगतात.

शेतकरी, गेवराई:
ते खरं आहे, आमचंही तसंच सांगतं. पण 'समान' कशात, हेही शिकवा. तिघा भावांत सहा एकर वाटताना दोन-दोन एकर दिले की झालं, असं गणित सांगतं. एकाच्या वाट्याला काळी आली आणि दुसऱ्याच्या मुरमाड, तर तो समान तिसरा हिस्सा म्हणायचा का? आमच्याकडं यावरून कज्जे होतात. क्षेत्रफळ समान, वजन समान की किंमत समान, हे लेकराला विचारू तर द्या.

शिक्षक, औंढा तालुका:
दोन शिक्षकी शाळेत माझ्यापुढं दोन इयत्ता एकत्र बसतात. कैच्या चार, कागद मोजके. तिथं हे जमवायचं कसं?

शिक्षिका, लातूर जिल्हा:
रद्दी वर्तमानपत्राच्या पट्ट्या घ्या. मोठ्या इयत्तेची लेकरं कापून देतील. अर्धा, पाव, अष्टमांश तर नुसत्या घडीनं होतात, कैची लागत नाही. तिसरा भाग पाडताना मात्र त्यांच्याजवळ बसा, तिथं घडी सरकते.